पाळण्यातले कान : जॅझ वादकांच्या बालपणावरची चित्रपुस्तके

मराठीत मुलांसाठी लिहिलेल्या चरित्रांची सुरुवात बहुधा ठरलेली असते. चरित्रनायक लहानपणापासूनच तल्लख असतो, त्याची चमक पाहून गुरुजी थक्क होतात आणि तिसऱ्या पानावर तो मोठा होऊन कामालाही लागलेला असतो. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की पाळण्यातल्या मुलाला कानही असतात आणि पहिली काही वर्षे ते मुख्यतः ऐकतच असते, हे सांगायचे राहून जाते. जॅझ वादकांच्या बालपणावरची अमेरिकन चित्रपुस्तके मला आवडली ती याच कारणासाठी. त्यांतली जी चांगली आहेत, ती त्या मुलाच्या कानांवर काय पडले याची गोष्ट सांगतात. जी फसली आहेत, ती बहुतेक वेळा पुढच्या कीर्तीकडे पाहण्याच्या घाईने फसली आहेत.

ही पुस्तके माझ्याकडे आली ती न्यू जर्सीत राहणाऱ्या धाकट्या बहिणीमुळे. तिच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात बाद केलेल्या पुस्तकांची विक्री होते आणि भारतात येताना ती बॅगेची एक बाजू त्यांनीच भरून आणते. आमच्या सोसायटीच्या कार्यालयामागच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी पाच ते दहा वर्षांची दहा-बारा मुले जमतात, त्यांना मी वाचून दाखवते. पुस्तक इंग्रजी असले की चित्र मुलांकडे धरायचे, इंग्रजी ओळ एकदा मोठ्याने म्हणायची आणि मग तीच मराठीत सांगायची, अशी आमची रीत आहे. त्यामुळे पुढचे सगळे मत मोठ्याने वाचण्याच्या अनुभवातून आलेले आहे.

या सर्वांत मला सर्वाधिक प्रिय झालेले पुस्तक म्हणजे कॅरोल बॉस्टन वेदरफर्ड यांनी लिहिलेले आणि शॉन क्वॉल्स यांनी चितारलेले 'बिफोर जॉन वॉज अ जॅझ जायंट' (२००८). यातला जॉन म्हणजे थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन. त्याचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या हॅम्लेट या गावी झाला आणि तो वाढला त्याच राज्यातल्या हाय पॉइंटमध्ये, धर्मोपदेशक असलेल्या आजोबांच्या घरी. वडील शिवणकाम करत आणि फावल्या वेळात तंतुवाद्ये वाजवत, आई पियानो वाजवे आणि गाई. एवढी माहिती कोणत्याही चरित्रात मिळेल. वेदरफर्ड यांनी तिचे जे केले आहे ते मात्र मी अन्यत्र पाहिलेले नाही. जॉन मोठा वादक होण्याआधी त्याने हे ऐकले होते, अशा अर्थाचे एकच वाक्य पुन्हा पुन्हा येते आणि दर खेपेला त्याच्यापुढे नवे आवाज जोडले जातात: आजीच्या पातेल्यात शिजताना खडखडणारी हाडे, वडिलांच्या युकुलेलीच्या तारा, चर्चमध्ये आई वाजवत असलेली भक्तिगीते, वाफेच्या इंजिनाची शिट्टी, नाचाची धमाल पाहून खुदखुदणारी मेरी ही मावसबहीण. भोंडल्याच्या गाण्यात पालुपद जसे फिरून येते आणि प्रत्येक फेरीत गाणे एका कडव्याने पुढे सरकते, तशी या मजकुराची चाल आहे. दुसऱ्या पानानंतर मुले ते पालुपद माझ्या आधी म्हणू लागली.

क्वॉल्स यांची चित्रेही ऐकणारी आहेत. रंग फिकट, किंचित धुरकट. निळा, गुलाबी, मातकट. माणसांच्या आकृती साध्या आणि सपाट, आणि त्यांच्या भोवती लहानमोठी वर्तुळे तरंगत असतात. ही वर्तुळे म्हणजे आवाज, हे पुस्तकात कोठेही सांगितलेले नाही. आमच्याकडच्या सहा वर्षांच्या एका मुलीने ते पहिल्याच वाचनात ओळखले आणि त्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "काकू, हे मोठं वर्तुळ म्हणजे गाडीची शिट्टी, आणि हे बारकं म्हणजे पातेलं." त्यानंतर पुस्तक बाजूला ठेवून आम्ही प्रत्येकाने त्या दिवशी सकाळपासून काय ऐकले ते सांगितले. कुकरची शिट्टी सगळ्यांनी सांगितली, पण एकाने शेजारच्या आजोबांचे पहाटेचे घसा खाकरणे सांगितले, एकीने कपडे धुण्याच्या यंत्राचा शेवटचा थरथराट सांगितला, आणि एक अबोल मुलगा बऱ्याच वेळाने म्हणाला की आई रात्री बांगड्या काढून ठेवते तेव्हा त्याला झोप आलेली असते, तरी तो तो आवाज ऐकतो. कोल्ट्रेनच्या पुस्तकाचे याहून चांगले परीक्षण मला लिहिता येणार नाही.

या पुस्तकात जे नाही त्याचाही विचार करायला हवा. १९३८च्या डिसेंबरमध्ये कोल्ट्रेनचे आजोबा वारले आणि १९३९च्या जानेवारीत, अवघ्या काही आठवड्यांत, वडील. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. घरातले आवाज एकामागून एक बंद होत गेले आणि त्याच सुमारास मुलाने वाद्य हाती धरले, ही या बालपणातली सर्वांत मोठी गोष्ट आहे असे मला वाटते. मुख्य मजकूर इतका मोजका आहे की तिला त्यात फारशी जागा मिळू शकत नाही. मी ती वाचून झाल्यावर तोंडी सांगते, आणि सांगताना दर वेळी वाटते की एवढे एक जोडपान पुस्तकाने आणखी घ्यायला हवे होते. शेवटी मी मुलांना कोल्ट्रेनची 'कझिन मेरी' ही रचना ऐकवली. १९६० साली निघालेल्या 'जायंट स्टेप्स' या तबकडीवर ती आहे आणि चित्रातल्या त्या हसऱ्या मेरीचेच नाव तिला दिलेले आहे. चित्रातली मुलगी खरी होती आणि तिच्या भावाने तिच्या नावाने संगीत रचले, हे कळल्यावर मुलांनी पुन्हा ते पान उघडायला लावले.

शॉन क्वॉल्स यांनीच चित्रे काढलेले 'डिझी' (२००६) हे जोना विंटर यांचे पुस्तक मात्र वाचून दाखवायला फार कठीण गेले. डिझी गिलेस्पी १९१७ साली साउथ कॅरोलायनातल्या चेरॉ गावी जन्मला, नऊ भावंडांतला शेंडेफळ. वडील गवंडीकाम करत आणि हौशी वाद्यवृंदही चालवत, त्यामुळे घरात वाद्ये पडलेली असत. हेच वडील मुलांना झोडपून काढत. आपल्या आत्मचरित्रात गिलेस्पीने लिहिले आहे की दर रविवारी सकाळी, काही केलेले असो वा नसो, मार ठरलेला असे. विंटर यांनी हा मार लपवलेला नाही, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. मुलांसाठी लिहिताना वडिलांना आपण सहसा 'कडक शिस्तीचे' म्हणून सोडून देतो. येथे ते वडील मारतात, मुलाला राग येतो, आणि शाळेतल्या संगीतशिक्षकाकडून मिळालेल्या ट्रम्पेटमध्ये तो सगळा राग मुलगा ओततो.

माझा आक्षेप त्या पुढच्या पायरीला आहे. राग आत भरला आणि सुरांतून बाहेर पडला, हे ऐकायला छान वाटते. पण गिलेस्पीने तरुणपणी बिबॉप या जॅझशैलीची जी अवघड, झपाट्याने वळणे घेणारी भाषा घडवली, ती नुसत्या रागातून येत नाही. तिच्यामागे पियानोवर बसून स्वरसंगती समजून घेण्याचे तासन्‌तास आहेत. मजकुराची लय, उड्या मारणारी अक्षरे, मध्येच मोठा होणारा छापा हे सारे त्या संगीताला शोभणारे आहे आणि मोठ्याने वाचताना जीभ खूश होते. तरी एका आठ वर्षांच्या मुलाने "मग मारल्यामुळे तो चांगला वाजवायला लागला का?" असे विचारले तेव्हा पुस्तकाने मला काही मदत केली नाही. "नाही, मारूनसुद्धा तो चांगला वाजवायला शिकला" असे उत्तर मी दिले आणि आम्ही ते पुस्तक त्या दिवशी तेथेच थांबवले. हे पुस्तक मुलाच्या हातात एकटे देऊ नये, शेजारी बसून वाचावे. (माझी पहिली प्रत नवी म्हणून मागवलेली होती आणि तिच्यात मधली चार पाने उलटी बांधलेली निघाली. विक्रेत्याने ती बदलून दिली, पण अक्षरे मुळातच नाचत असल्यामुळे ती चूक माझ्या लक्षात यायला दोन वाचने गेली.)

'ट्रम्बोन शॉर्टी' (२०१५) हे पुस्तक यातल्या सर्वांत आनंदी बालपणाचे आहे, आणि ते स्वतः वादकानेच सांगितलेले आहे. ट्रॉय अँड्र्यूज १९८६ साली जन्मला आणि न्यू ऑर्लिन्सच्या त्रेमे या वस्तीत वाढला. ब्रायन कोलियर यांच्या चित्रांना २०१६ साली कॅल्डिकॉट सन्मान आणि चित्रकारासाठीचा कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार असे बालपुस्तकांसाठीचे दोन्ही अमेरिकन मान मिळाले. जलरंग आणि चिकटकाम यांचे मिश्रण असलेल्या या चित्रांत हवेत तरंगणारे फुगे सतत दिसतात, जणू सूर हवेतून वाहत चालले आहेत. पुस्तक सुरू होते ते त्या शहरात एकमेकांना हाक मारण्याच्या खास रीतीने. ती अक्षरशः मराठीत आणता येत नाही, मी "काय मंडळी, कसं काय?" असे म्हणते आणि मुलांनी एका सुरात "मजेत!" असे उत्तर द्यायचे, असे आम्ही ठरवून टाकले आहे.

या पुस्तकात आमच्या मुलांना काहीही समजावून सांगावे लागले नाही. रस्त्यातून बँड चालला आहे, मोठा भाऊ पुढे ट्रम्पेट वाजवतो आहे, मागून सारी वस्ती नाचत येते आहे, आणि लहान पोरे खोकी, बाटल्या, जे हाताला लागेल ते वाजवत मागे पळत आहेत. गणपतीच्या मिरवणुकीत ताशाच्या मागे पत्र्याचा डबा घेऊन कोण धावलेले नाही? वरातीतल्या बँडचे पितळी कर्णे ज्याने जवळून पाहिले आहेत, त्याला हे शहर परके वाटतच नाही. मग ट्रॉयला एक टाकून दिलेला, मोडका ट्रॉम्बोन (फुंकून वाजवायचे लांब पितळी वाद्य) सापडतो. तो त्याच्याहून लांब असतो, म्हणून भाऊ त्याला 'ट्रॉम्बोन शॉर्टी' म्हणू लागतो. ते वाद्य हातात धरूनच तो झोपी जातो. चौथ्या वर्षी न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ महोत्सवात तो प्रेक्षकांत आईजवळ उभा राहून वाजवत असतो, व्यासपीठावरून बो डिडली हा नामांकित कलावंत ते ऐकतो, हा कोण वाजवतोय म्हणून विचारतो, आणि गर्दी त्या मुलाला डोक्यांवरून हातोहात पुढे पोचवते. दहीहंडीचा सराव पाहिलेल्या मुलांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी आमच्यातल्या सर्वांत लहान मुलाला तसेच उचलायला घेतले होते. मला मध्ये पडावे लागले. शेवटी त्या प्रसंगाचे खरे छायाचित्र छापलेले आहे. चित्रातला बुटका मुलगा आणि छायाचित्रातला बुटका मुलगा यांची तुलना करण्यात मुलांचा बराच वेळ जातो, आणि तो वेळ द्यावा.

या गोष्टीत कसोटीचा क्षण म्हणता येईल असा क्षण जवळजवळ नाही. ज्यांना गोष्टीत अडचण आणि तिच्यावर मात हवी असते, त्यांना ती सपाट वाटेल. मला ती तशी वाटली नाही. मुलाला वाद्य मिळाले, घरच्यांनी त्याला वाजवू दिले, वस्तीने त्याला ऐकले, एवढ्यानेही माणूस वादक होतो हे कुणीतरी सांगायला हवेच होते.

'लिटल मेल्बा अँड हर बिग ट्रम्बोन' (२०१४) हेही ट्रॉम्बोनचेच पुस्तक, पण त्याची जात वेगळी आहे. लेखिका कॅथरिन रसेल-ब्राउन, चित्रकार फ्रँक मॉरिसन. मेल्बा लिस्टन १९२६ साली कॅन्सस सिटीत जन्मली, सात वर्षांची असताना तिने ट्रॉम्बोन निवडला आणि जवळजवळ स्वतःच तो शिकली. आजोबांनी थोडी मदत केली. मॉरिसन यांची माणसे लांबलचक, ताणलेली असतात. हात, माना, बोटे सारे थोडे जास्तच लांब. ट्रॉम्बोनच्या गोष्टीला हा ताण फार शोभतो, आणि त्याचे कारण मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. ट्रॉम्बोनला कळा किंवा पडदे नसतात. एकात एक बसलेली नळी पुढे-मागे सरकवायची आणि त्यातून स्वर काढायचे. नळीच्या अशा सात जागा असतात आणि शेवटच्या दोन जागांपर्यंत लहान मुलाचा हात पोचतच नाही. मेल्बाला त्यासाठी मान एका बाजूला वळवावी लागे. पेटी शिकणाऱ्या आमच्या एका मुलीला मी एवढेच सांगितले की पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणे, काढता येत नाही आणि या वाद्यावर काढता येते, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तिने लगेच जुन्या कॅलेंडरच्या दोन गुंडाळ्या एकात एक घातल्या आणि हात पूर्ण ताणून पाहिला. गुंडाळीचे टोक तिच्या बोटांतून निसटले. "मान वळव," असे पाठीमागून दोघांनी ओरडून सांगितले.

मेल्बा आठव्या वर्षी रेडिओवर वाजवते, अकरा वर्षांची होईपर्यंत कुटुंब लॉस एंजेलिसला जाते, सतराव्या वर्षी ती मोठ्या वाद्यवृंदाबरोबर दौऱ्यावर निघते. येथपर्यंत पुस्तक फार सुंदर आहे. त्यानंतर ते धावू लागते. नावे येतात, शहरे येतात, आणि ज्या मुलांना ती नावे माहीत नाहीत त्यांच्यासाठी ती नुसती यादी होऊन बसते. एक प्रसंग मात्र या धावपळीतही थांबून राहतो. १९४९ साली बिली हॉलिडे या गायिकेबरोबर अमेरिकेच्या दक्षिण भागात दौरा चालू असताना हॉटेलांत काळ्या माणसांना जागा नाकारली जाते आणि वादकांना बसमध्येच झोपावे लागते. हे वाचल्यावर खोलीत शांतता झाली आणि मग चौथीतला एक मुलगा म्हणाला, "बाबासाहेबांना पण मसूर स्टेशनवर गाडीवाला बसवून घेत नव्हता. आणि पाणीपण नव्हतं दिलं." मला वेगळे काही सांगावे लागले नाही. लहानग्या भीमरावाचा १९०१ सालचा तो प्रवास महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांनी ऐकलेला असतो, आणि माणसाला दारातून परत पाठवणे म्हणजे काय हे त्यांना दुसऱ्या देशाच्या इतिहासातून शिकवावे लागत नाही. मेल्बा या दौऱ्यानंतर खचते, वाद्य बाजूला ठेवते, आणि काही काळाने परत येते. ती वादक तर होतीच, पण इतरांसाठी संगीतरचना बसवून देणारी म्हणून तिचे नाव अधिक मोठे आहे. या कामाला पुस्तकात मिळालेली जागा मला कमी वाटते. दुसऱ्याच्या सुरांची बैठक कशी मांडायची याची गोष्ट चित्रांत सांगणे अवघड आहे खरे, पण मॉरिसन यांना ती जमली असती.

ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या बालपणावर इतकी पुस्तके आहेत की त्यांच्याकडे एकत्र पाहिल्यावर एक निराळाच प्रश्न समोर येतो. १९९६च्या 'सॅचमोज ब्लूज'मध्ये (लेखक अॅलन श्रोडर, चित्रकार फ्लॉइड कूपर) गहाणवटीच्या दुकानाच्या काचेमागे ठेवलेला पाच डॉलरचा, ट्रम्पेटसारखा दिसणारा कॉर्नेट हाच गोष्टीचा प्राण आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या रॉक्झेन ऑर्गिल यांच्या 'इफ आय ओन्ली हॅड अ हॉर्न'मध्ये गोष्ट सुधारगृहाकडे वळते: ३१ डिसेंबर १९१२च्या रात्री अकरा वर्षांच्या लुईने रस्त्यात हवेत पिस्तूल झाडले, पोलिसांनी त्याला पकडले आणि मुलांच्या सुधारगृहात पाठवले, तेथे पीटर डेव्हिस या शिक्षकाने त्याला वाजवायला शिकवले. एरिक किमेल यांच्या २००५च्या पुस्तकात केंद्रस्थानी आहे ते कार्नोफ्स्की हे लिथुआनियातून आलेले ज्यू कुटुंब. त्यांच्या कोळशाच्या आणि भंगाराच्या गाडीवर लहान लुई काम करी, गिऱ्हाइकांना बोलावण्यासाठी पत्र्याचे शिंग फुंकी, आणि त्यांनीच दिलेल्या उचलीतून त्याने तो कॉर्नेट घेतला. आर्मस्ट्राँगने १९६९ साली इस्पितळात असताना या कुटुंबाबद्दल फार मायेने लिहून ठेवले आहे.

तिन्ही गोष्टी एकाच मुलाच्या आहेत. तरी एक वाचले तर वाटते की जिद्दीने आणि काटकसरीने त्याला घडवले, दुसरे वाचले तर शिक्षकाने, तिसरे वाचले तर शेजाऱ्यांनी. मुलांसाठीच्या चरित्रात अशी निवड करावीच लागते आणि त्यात काही खोटे नाही. पण निवड केली आहे हे वाचकाला कळले पाहिजे, आणि म्हणून पुस्तकाच्या शेवटी लेखकाने दिलेले टिपण मला फार महत्त्वाचे वाटते. कोणते संवाद कल्पनेने रचले, कोणत्या घटना जुळवल्या, हे तेथे स्वच्छ लिहिलेले असावे. आर्मस्ट्राँगच्या बाबतीत तर जन्मतारखेपासूनच प्रश्न आहे. तो स्वतः आयुष्यभर ४ जुलै १९०० असे सांगत राहिला आणि त्याच्या मृत्यूनंतर, १९८०च्या दशकात, चर्चच्या नोंदवहीत ४ ऑगस्ट १९०१ ही तारीख सापडली. माझ्या आजीची जन्मतारीखही शाळेच्या दाखल्यावर एक आणि घरात सांगितली जाणारी दुसरी अशी होती, त्यामुळे यात मला काही नवल वाटले नाही. पण मुलांना हे सांगितले की ती चरित्राकडे जरा सावधपणे पाहू लागतात. दुर्दैवाने ही शेवटची टिपणे बहुतेक पुस्तकांत इतक्या बारीक टाइपात दाटीवाटीने छापलेली असतात की ती मुलांनी वाचावीत अशी प्रकाशकांचीच इच्छा दिसत नाही.

उरलेल्यांबद्दल थोडक्यात लिहिते. आंद्रेया डेव्हिस पिंकनी आणि ब्रायन पिंकनी यांचे ड्यूक एलिंग्टनवरचे पुस्तक (१९९८) पाहावे ते चित्रांसाठी. काळ्या थरावर टोकदार हत्याराने ओरखडे काढून उमटवलेल्या या चित्रांत पियानोतून सूर वेलींसारखे वळत बाहेर पडतात. बालपण त्यात पहिल्या काही पानांपुरतेच आहे, पण ती पाने मजेदार आहेत: लहान ड्यूकला पियानोची शिकवणी नकोशी वाटते, बेसबॉल खेळायचा असतो, आणि शिकवणीतल्या त्या कंटाळवाण्या वाजवण्याला लेखिकेने एक थबकत चालणारा ध्वनिशब्द दिला आहे. मी त्याचे 'ढम-ढुम, ढम-ढुम' केले. तडतड, ढबढब, सणसण, झणकार, खणखण असे शेकडो शब्द आपल्याकडे पडून आहेत आणि या पुस्तकांच्या निमित्ताने ते सगळे वापरायला मिळाले. आर्ट टेटमच्या बालपणावरचे रॉबर्ट अँड्र्यू पार्कर यांचे पुस्तक (२००८) टेटमच्याच तोंडून सांगितलेले आहे. ओहायोतल्या टोलेडो गावचा हा मुलगा जवळजवळ अंध होता, पण पियानोपाशी बसल्यावर दिवस आहे की रात्र याने त्याला काही फरक पडत नसे. ज्याला फारसे दिसत नाही त्याची गोष्ट पाणीदार, विरघळलेल्या रेषांच्या जलरंगांत रंगवणे ही पार्कर यांची निवड मला अतिशय योग्य वाटली. पियानोवादक मेरी लू विल्यम्सवरचे पुस्तक (२०१०) सुरू होते ते आईच्या मांडीवर बसून ऑर्गन ऐकणाऱ्या लेकीपासून, आणि ती पहिली पाने मला पुढच्या सगळ्या पुस्तकापेक्षा आवडली.

एवढी पुस्तके झाल्यावर मुलांनी विचारले की असे कोणी आपल्याकडे नव्हते का. होते. १९३५ साली अमेरिकन जॅझवादक लिऑन अॅबी आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, पुढे टेडी वेदरफर्डसारखे वादक तेथे वाजवू लागले, आणि त्यांच्या शेजारी बसून जॅझ आत्मसात केला तो मुख्यतः गोव्याहून आलेल्या मुलांनी. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. त्या शिदोरीवर ही मुले मुंबईत आली आणि हॉटेलांतून, मग हिंदी चित्रपटांतून वाजवू लागली. बार्देशातल्या हळदोण्याचा आंतोनियो शाव्हिएर वाझ हा त्यांतलाच. १९१६ साली जन्मलेला हा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट या नावाने गाजला आणि लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. १९५१च्या 'अलबेला'त सी. रामचंद्र यांच्या 'शोला जो भडके' या गाण्यात तो आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतो.

मी ते गाणे मोबाइलवर लावले. लग्नाच्या वरातीत ऐकलेले असल्यामुळे मुलांना ते तोंडपाठ होते आणि पहिल्याच ओळीला सगळी उठून नाचू लागली. मी थांबवून पुन्हा सुरुवातीला नेले आणि म्हटले, या वेळी गाण्याकडे लक्ष देऊ नका, फक्त ट्रम्पेट ऐका. सहा वर्षांची ती वर्तुळे ओळखणारी मुलगी डोळे मिटून बसली. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिने कपाटातून कोरा कागद मागून घेतला, त्यावर एक मोठे वर्तुळ काढले आणि विचारले, "काकू, तो लहान असताना त्याच्या गावात काय काय वाजायचं?" हळदोण्याच्या चर्चची घंटा एवढे एकच मला सांगता आले. गोव्यातल्या कोणा लेखकाने आणि चित्रकाराने मिळून उरलेली पाने भरावीत, अशी माझी मनापासून विनंती आहे. तोवर तो कागद आमच्या वाचनखोलीच्या भिंतीवर चिकटवलेला आहे.